पाचवा मजला

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. २९ जून १९९५, गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजायच्या आत साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळले आणि ५०२ माणसे मेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हते, स्फोट नव्हता. इमारतीला जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. तरीही ती पडली, कारण नकाशात नसलेल्या गोष्टी तिच्यावर एकामागून एक चढवल्या गेल्या होत्या.

आपल्याकडे घर विकताना ‘थोडे वाढीव बांधकाम आहे, पण त्याचे काही नाही’ असे अगदी सहज बोलले जाते. ते वाक्य ऐकले की मला या इमारतीचा शेवटचा दिवस आठवतो. तो तास-तासाने समजून घ्यायला हवा. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

आठ वर्षे आधी

१९८७. सोलच्या सोच्चो भागात, पूर्वी कचऱ्याची भर घातलेल्या जमिनीवर, ली जून या उद्योजकाच्या इमारतीचे काम सुरू झाले. मूळ आराखडा निवासी आणि कार्यालयीन वापराच्या चार मजल्यांचा होता. काम चालू असतानाच मालकाचा विचार बदलला आणि तिथे डिपार्टमेंट स्टोअर करायचे ठरले. दुकानाला मोकळी, ऐसपैस दालने लागतात आणि मधोमध सरकते जिने लागतात. म्हणजे स्लॅबमध्ये मोठी भगदाडे ठेवायची आणि काही खांब गाळायचे. ठेकेदार वूसंग कंपनीने हा बदल करायला नकार दिला. मालकाने तिला काढून टाकले आणि स्वतःच्याच बांधकाम कंपनीकडून काम करून घेतले.

मग पाचवा मजला आला. त्या जागेच्या नियमांनुसार सगळी इमारत दुकानासाठी वापरता येत नव्हती, म्हणून वरचा मजला रोलर स्केटिंगसाठी दाखवला गेला. पुढे तोही बेत बदलला आणि तिथे आठ रेस्टॉरंट थाटली गेली. कोरियात जमिनीवर बसून जेवायची पद्धत आहे, आणि बसायची जमीन उबदार लागते. त्यासाठी फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकून त्यावर काँक्रीटचा जाड थर ओतला. शिवाय स्वयंपाकघरांची अवजड उपकरणे आली. खालच्या इमारतीने यातल्या कशाचाच हिशेब धरलेला नव्हता. हा जादा मजला खालच्या सांगाड्याला पेलणार नाही, असे सांगणाऱ्या दुसऱ्या कंपनीलाही निरोप मिळाला.

खालचे चित्र त्याहून वाईट होते. ज्या खांबांची जाडी ८० सेंटिमीटर हवी होती ते ६० सेंटिमीटरचे बांधले गेले. सरकत्या जिन्यांभोवती आगीपासून संरक्षण करणारे पडदे बसवताना लगतच्या खांबांचे कोपरे तासले गेले. रचना सपाट स्लॅबची होती. अशा रचनेत तुळया नसतात, स्लॅब थेट खांबांवर टेकलेला असतो. छताचे सगळे वजन प्रत्येक खांबाच्या माथ्याभोवती असलेल्या काँक्रीटच्या एका लहान वर्तुळातून खाली जाते. ते वर्तुळ कमी पडले, की ताठ पुठ्ठ्यातून पेन्सिल आरपार जावी तसा खांब स्लॅबला भोक पाडून वर निघतो आणि स्लॅब खाली बसतो. इंजिनिअर याला ‘पंचिंग’ म्हणतात. तुळया असलेली इमारत पडण्याआधी वाकते, कुरकुरते आणि बराच वेळ देते. सपाट स्लॅब तेवढा वेळ देत नाही.

या सगळ्यावर सरकारी शिक्के होते. सोच्चोच्या स्थानिक प्रशासनातल्या अधिकाऱ्यांनी बदलांकडे काणाडोळा करण्यासाठी पैसे घेतले होते, आणि पुढे त्यांना त्यासाठी तुरुंगात जावे लागले. म्हणून ‘सगळे मॅनेज केलेले आहे’ हे वाक्य माझ्या लेखी धोक्याची सूचना आहे. मॅनेज होतो तो अधिकारी. खांब मॅनेज होत नाही.

दोन वर्षे आधी

१९९३. गच्चीवर वातानुकूलनाची तीन प्रचंड यंत्रे होती. पाणी भरल्यावर त्यांचे एकूण वजन सुमारे ८७ टन होई. पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून ती गच्चीच्या दुसऱ्या बाजूला न्यायचे ठरले. क्रेनने उचलून ठेवायला खर्च आला असता. त्याऐवजी रूळ लावून ती गच्चीवरून ओढत नेली. ज्या वाटेने ती गेली तिथला स्लॅब तडकला. त्याच भागात पाचव्या मजल्यावर ‘५ ई’ या क्रमांकाचा खांब होता. नंतर यंत्रे सुरू झाली, की त्यांचा हादरा रोज त्या तड्यांपर्यंत पोचत राहिला.

दोन महिने आधी

एप्रिल १९९५. इमारतीच्या दक्षिण भागात पाचव्या मजल्याच्या छताला तडे दिसू लागले. व्यवस्थापनाने वरचा काही माल तळघरात हलवला. त्यापलीकडे काही झाले नाही.

अवघ्या सहा महिन्यांपूर्वी, २१ ऑक्टोबर १९९४ रोजी, याच शहरात हान नदीवरच्या सोंगसू पुलाचा एक तुकडा कोसळून ३२ जण गेले होते. बांधकामातली हयगय माणसे मारते हे सोलमध्ये कुणाला नव्याने सांगायची गरज नव्हती.

२९ जून, सकाळ

दुकान उघडायच्या सुमारास पाचव्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमधले कर्मचारी घाबरलेले होते. खांबाभोवतीची फरशी खचली होती आणि छत खाली आल्यासारखे दिसत होते. ‘५ ई’ खांबाभोवतीच्या भेगा आता डोळ्यांत भरण्याइतक्या रुंद झाल्या होत्या. व्यवस्थापकांनी येऊन पाहिले. मजल्याचा तो भाग बंद करण्यात आला.

खालचे चार मजले उघडे राहिले. तळघरातला खाद्यपदार्थांचा विभागही उघडा राहिला. उन्हाळ्याचा दिवस होता, गर्दी चांगली होती.

दुपारी बाराच्या आसपास

वरून मोठे धडाके ऐकू आले. गच्चीवरच्या यंत्रांच्या हादऱ्याने स्लॅब आणखी फाटत होता. ग्राहकांनी कंप जाणवत असल्याची तक्रार केल्यावर वातानुकूलन बंद केले गेले. दुकान तापू लागले. गार हवा का बंद झाली याचे खरे कारण ग्राहकांना कळले नाही. पण यंत्रे थांबवून आता उपयोग नव्हता. भेगा रुंदावलेल्या होत्या आणि खांबाने स्लॅबमधून वर यायला सुरुवात केली होती.

दुपारी तीन ते चार

बोलावलेले अभियंते आले. त्यांनी पाहणी केली आणि इमारत धोक्यात असल्याचे सांगितले. त्यानंतर वरिष्ठांची बैठक झाली. या दिवसातला हा तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथपर्यंत जे घडले त्यात लोभ होता, लाच होती, अज्ञानही असेल. इथून पुढे मात्र अज्ञान उरले नाही. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला इमारत सदोष आहे हे आता माहीत होते. खाली कपडे, भांडी, भाजी घेणाऱ्या शेकडो लोकांना ते माहीत नव्हते, आणि साध्या डोळ्यांनी कळण्यासारखेही नव्हते. दुकान रिकामे केले असते तर दिवसाची विक्री बुडाली असती. दुकान चालू ठेवून दुरुस्ती नंतर करायची, असे ठरले.

एकाला दोष माहीत आहे, दुसऱ्याला माहीत नाही, आणि दुसऱ्याचे पैसे पहिल्याला हवे आहेत. घर विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात तेव्हाही परिस्थिती हीच असते. आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ ने १८८२ पासून याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि सामान्य काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विक्रेत्याने स्वतःहून सांगायचा असतो. समोरच्याने विचारायची वाट पाहायची नाही.

आणि आपण काय करतो? घर विकायला काढले की आधी रंग देतो. जुन्या लोड बेअरिंगच्या घरात दोन खोल्यांमधली भिंत काढून हॉल मोठा केलेला असतो. त्या भिंतीवर वरच्या मजल्याचे वजन होते की नाही हे कुणी तपासलेले नसते, आणि आता वर फॉल्स सीलिंग असते. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असते, मग तिला विटांच्या भिंती येतात, मग त्यावर स्लॅब पडतो आणि शेवटी पाण्याची टाकी चढते. बाल्कनी खोलीत घेतलेली असते. साइड मार्जिनमध्ये स्वयंपाकघर सरकलेले असते. जाहिरातीत मात्र हे सगळे चौरस फुटांत मोजून लावतो आणि त्याचा दर घेतो. ज्या जागेला परवानगी नाही तिची किंमत घ्यायची आणि परवानगी नाही हे सांगायचे नाही, याला मी लबाडी म्हणतो. सर्रास चालते म्हणून ती लबाडी राहत नाही असे नाही.

‘घरपट्टी भरतो की आम्ही त्या खोलीची!’ हे उत्तर हमखास मिळते. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली बेकायदा बांधकामावर शास्ती लागते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित ठरत नाही हे त्याच कलमात लिहिले आहे. ‘वीस वर्षे उभे आहे, कुणी काही म्हटले नाही’ हेही तसेच. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले, की किती वर्षे लोटली, किती पैसा घातला किंवा अधिकारी गप्प राहिले, यातल्या कशानेही विनापरवाना बांधकाम कायदेशीर होत नाही. भोगवटा प्रमाणपत्राची खात्री केल्याशिवाय बँकांनी अशा इमारतींवर कर्ज देऊ नये, असेही त्याच निकालात आहे.

संध्याकाळी पाच

चौथ्या मजल्याचे छत खाली येऊ लागले. कर्मचाऱ्यांनी चौथ्या मजल्यावर जाण्याचा रस्ता अडवला. त्याखालच्या मजल्यांवर विक्री चालूच होती. साधारण दीड हजार माणसे त्या वेळी इमारतीत होती.

पाच पन्नास

काँक्रीट फुटल्याचे कडकड आवाज सुरू झाले. आता कुठे धोक्याची घंटा वाजवली गेली आणि कर्मचारी लोकांना बाहेर काढू लागले. सकाळपासून हातात असलेल्या तासांपैकी फक्त शेवटची काही मिनिटे ग्राहकांच्या वाट्याला आली.

छप्पर तुटले. गच्चीवरची यंत्रे आधीच जर्जर झालेल्या पाचव्या मजल्यावर आली, तो मजला चौथ्यावर आला, आणि मग दक्षिण भागातला प्रत्येक खांब आपापल्या स्लॅबमधून आरपार गेला. वीस सेकंदांच्या आत सगळा दक्षिण भाग चार मजली तळघरात जाऊन बसला. उत्तर भाग उभा राहिला. ५०२ मृत, ९३७ जखमी. ली जून आणि त्यांचा मुलगा ली हान-सांग दोघेही वाचले.

त्यानंतरचे तास

दोन दिवसांनी तळघरातून २४ सफाई कामगार जिवंत निघाले. शेवटची जिवंत व्यक्ती १५ जुलैला बाहेर आली. ती एकोणीस वर्षांची विक्रेती होती आणि ढिगाऱ्याखाली ३७७ तास काढून आली होती.

ली जून यांना साडेदहा वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती साडेसात वर्षांवर आली. मुलाला सात वर्षे झाली. त्या जागेवर आज निवासी मनोरे आहेत.

बावीस वर्षे, सव्वीस दिवस नंतर

२५ जुलै २०१७, मंगळवार, सकाळ. मुंबईत घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली ‘सिद्धी साई’ ही चार मजली निवासी इमारत कोसळली. सतरा जण गेले. तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते आणि तिथे नूतनीकरणाचे काम चालू होते. त्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. वर राहणाऱ्या कुटुंबांनी आपापल्या घरात काहीही मोडतोड केलेली नव्हती. ती त्या सकाळी घरी होती, इतकेच. अनधिकृत फेरफार एकाच्या सदनिकेत होतो, पण खांब सगळ्यांचे असतात. म्हणून ‘माझे घर, मी काहीही करीन’ हे इमारतीत राहणाऱ्याने म्हणूच नये.

घाटकोपरच्या आधी, ४ एप्रिल २०१३ रोजी, मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाऊंडमधली बेकायदा इमारत पडली आणि ७४ जण गेले. वरचे मजले बांधले जात असतानाच खाली माणसे राहायला आली होती.

प्रत्येक बंद केलेल्या बाल्कनीने इमारत पडते असे मला म्हणायचे नाही. बहुतेक वाढीव बांधकामांमुळे भिंत ओली होते, शेजाऱ्याचा उजेड अडतो, बँकेचा मूल्यमापक नकार देतो, सौदा मोडतो, इसारा परत मागितला जातो, आणि प्रकरण तिथेच संपते. पण आपले बांधकाम कोणत्या प्रकारात मोडते हे रंग दिलेली भिंत पाहून ना विक्रेत्याला कळते ना खरेदीदाराला. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला कळते, आणि तो बोलावला तरच कळते. साम्पुंगमध्ये तो दुपारी तीनला आला. एप्रिलमध्ये येऊन त्याचे ऐकले गेले असते, तर ही इमारत फार तर एक तोट्यात गेलेला धंदा म्हणून लक्षात राहिली असती.

म्हणून घर विकायला काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. एजंटला फोन करण्याआधी पालिकेकडून किंवा नगररचना कार्यालयाकडून मंजूर नकाशाची प्रत काढा आणि ती हातात घेऊन स्वतःच्या घरातून फिरा. नकाशात नसलेली प्रत्येक भिंत आणि नकाशात असून आज नसलेली प्रत्येक भिंत त्यावर लाल पेनने दाखवा. दुसरी यादी पहिलीपेक्षा जास्त घातक असते. मग वास्तुविशारद आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर दोघांनाही दाखवा. एफएसआय शिल्लक असेल आणि नियमात बसत असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली नियमित करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला शुल्क लागते, महिने जातात, सोसायटी असेल तर तिची संमती लागते. तेवढा वेळ द्या. नियमात बसत नसेल तर विक्रीआधी स्वतः पाडा आणि जागा मूळ स्थितीत आणा. पालिकेने कलम ५३ ची नोटीस नव्या मालकाच्या दारावर चिकटवेपर्यंत थांबू नका. यातले काहीच जमत नसेल, तर निदान त्या जागेचे पैसे घेऊ नका, आणि काय वाढवले, काय काढले, कोणत्या साली, हे साठेखतात आणि खरेदीखतात लिहून द्या. गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती खोटी नाही. काही जण जातीलही. किंमत कमी येईल. ती किंमत तुम्ही केलेल्या बांधकामाची आहे, पुढच्या कुटुंबाने ती का भरावी?

आणि घेणाऱ्यांनो, ‘एक खोली जादा मिळते आहे’ याचा आनंद होण्याआधी मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. तीस वर्षांहून जुनी इमारत असेल तर मुंबईत कायद्यानेच संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. तिचा अहवाल वाचा. तळमजल्यावर दुकान, दवाखाना किंवा बँक असेल तर तिथे खांब किंवा भिंती हलवल्या आहेत का, हे सोसायटीच्या सचिवाला लेखी विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत इसारा देऊ नका.